असन्निधानातील धीर

परब्रह्म परमेश्वर-अवतार सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या शास्त्रात सन्निधान आणि असन्निधान हे दोन शब्द पुनःपुन्हा येतात. परमेश्वर साकार होऊन जीवासमोर वावरतो तो काळ सन्निधानाचा. त्यांनी दृष्टीआड बीजे केल्यावर मागे उरतो तो काळ असन्निधानाचा. आजचा प्रत्येक पंथीय, मग तो झोळी घेऊन भिक्षेस निघणारा साधनवंत असो की प्रपंचात राहून नामस्मरण करणारा वासनिक असो, असन्निधानातच जन्मला आहे आणि असन्निधानातच त्याला धर्म आचरावयाचा आहे. त्यामुळे संकटकाळी श्रद्धा कशी टिकवावी, आधार हरपल्यावर बळ कोठून आणावे, हा प्रश्न पंथाला परका नाही. किंबहुना ज्या दिवशी स्वामींनी उत्तरापंथे बीजे केले त्याच दिवशी तो उभा राहिला, आणि पहिल्या पिढीने त्याचे उत्तर आपल्या वागण्यातून देऊन ठेवले. ते उत्तर काय होते हे पाहणे हाच या लेखाचा विषय आहे.

प्रश्नाला आजचे एक ठिकाण हवे असेल तर ते नागपूरच्या दक्षिण अंगाला असलेले मनीषनगर घ्यावे. वर्धा मार्गाच्या बाजूला, लोहमार्गापलीकडे पसरलेली ही वसाहत काही दशकांतच वाढली. अमरावती, वर्धा, यवतमाळ, भंडारा अशा जिल्ह्यांतील गावे सोडून नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कितीतरी कुटुंबे तेथे मजल्यांच्या इमारतींतून राहतात. पूर्वी रेल्वेचे फाटक पडले की माणसे दुचाकी बंद करून गाडी जाण्याची वाट पाहत उभी राहत. पुढे पूल झाला, मेट्रो आली, आणि वाट पाहणे संपले. गावाकडे ज्यांच्या अंगणात साधू-तपस्विनी भिक्षेला येत, ज्यांच्या घरचा उत्सव म्हणजे साऱ्या आळीचा उत्सव असे, ती घरे येथे दोन-तीन खोल्यांत मावली. देवपूजेतील विशेष एका लहानशा देव्हाऱ्यात आला. इमारतीच्या दाराशी पहारेकरी वहीत नाव लिहून घेतल्यावाचून भिक्षुकालाही आत सोडीनासा झाला. यात कोणाचा दोष आहे असे नव्हे. परंतु दुःख आले असता शेजारी बसणारे माणूस मिळणे पूर्वीपेक्षा अवघड झाले, एवढे मात्र मान्य करावे लागते.

अशा वसाहतीवर सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीचा प्रसंग ओढवला. मार्च २०२० मध्ये मंदिरे, आश्रम, यात्रा सर्व बंद झाले. त्या वर्षी नोव्हेंबरात राज्यातील धर्मस्थळे उघडली, पुन्हा २०२१ च्या वसंतात बंद झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. मधल्या एप्रिल महिन्यात नागपुरात रुग्णालयांतील खाटांसाठी आणि प्राणवायूसाठी माणसे रात्री-अपरात्री हिंडत होती. मृत्यू पूर्वीही येत होताच. परंतु या वेळी त्याचे एक रूप वेगळे होते: जाणाऱ्याजवळ कोणाला बसता आले नाही. पती आत आणि पत्नी दाराबाहेर. मुलगा परगावी आणि आई यंत्रांच्या मध्ये. शेवटचे पाणी, शेवटचे नाम, हातात हात, यांतले काहीच घडले नाही. अनेकांचे अंत्यविधी परक्या हातांनी झाले. ज्याला शास्त्र असन्निधान म्हणते त्याची एक कठोर ओळख त्या महिन्यांत सामान्य गृहस्थाला झाली. आज काही वर्षे लोटली. तरी ज्या घरात ते घडले तेथे ते अजून संपलेले नाही.

त्या घरांतून जो प्रश्न निघतो तो सरळ आहे. स्वामी कृपावंत, जीवोद्धरणाचे त्यांना व्यसन, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; मग आमच्याच घरी असे का?

या प्रश्नाला पंथीय मंडळींकडून बहुधा एक उत्तर तत्काळ दिले जाते. जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे, त्याने केलेले कर्म त्याला भोगावे लागते, हे ते उत्तर. सिद्धांत म्हणून यात चूक नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा विचार ज्याने केला आहे तो कर्मभोग नाकारू शकत नाही. पण सत्य असलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक वेळी औषध ठरत नाही. पंधरा दिवसांपूर्वी ज्या मातेचा पुत्र गेला तिच्यासमोर हे वाक्य उच्चारले की ते सिद्धांत राहत नाही, आरोप होतो. तिला त्यातून एवढेच ऐकू येते की दोष तिचा किंवा तिच्या मुलाचा होता. शास्त्राचा असा उपयोग करणाऱ्याने शास्त्र रक्षिले असे म्हणता येत नाही; उलट एका वासनिकाचे घर त्याने धर्मापासून दोन पावले दूर लोटले.

आणि ती दोन पावले कोठे पडतात हेही पाहिले पाहिजे. दुःखी माणूस स्थिर राहत नाही. आपल्या दाराशी सांत्वन मिळाले नाही की तो दुसऱ्याचे दार शोधतो. कोणी नवस सुचवितो, कोणी ग्रहशांती, कोणी अमक्या देवीचा अंगारा. महानुभावाची निष्ठा अनन्य असावी, परमेश्वर सोडून देवताभक्ती करू नये, हे उपदेश घेताना ज्याने मान्य केले, तोच आजाऱ्याच्या उशाशी बसून सात ठिकाणचे ताईत बांधून घेतो. पुढे त्याची त्याला लाज वाटते, आणि लाजेपोटी तो आश्रमात येणेही सोडतो. अशा वेळी त्याला व्यभिचारी भक्त म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाताला धरण्यासारखे काही आपण वेळेवर दिले होते काय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावयास हवा. देवतेचे फळ मर्यादित आणि नाशवंत आहे असे शास्त्र सांगते. नवसाचा व्यवहार हा मूलतः देवाणघेवाणीचा आहे, आणि संकट टळले नाही की तो व्यवहार मोडतो. परमेश्वराशी असलेला संबंध असा मोडत नाही, कारण तो सौद्यावर उभा नाही. हे खरे असले तरी ते केवळ सांगून पटत नाही. ते दाखवावे लागते. दाखविण्यासाठी पंथाजवळ लीळा आहेत.

शशकरक्षणाची लीळा बहुतेकांस ठाऊक आहे. शाळेतील मुलांनाही ती शिकविली गेली आहे. पारधी आणि त्यांचे कुत्रे मागे लागले असता एक ससा धावत आला आणि आसनस्थ सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. पारधी आले, त्यांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी तो शरण आला आहे असे सांगून त्यांना सोडण्यास लावले, आणि त्यांच्याशी अशा मृदुतेने बोलणे केले की त्यांचेही मन पालटले. ही लीळा सांगताना निरूपणकार येथे थांबतात. अहिंसेचा उपदेश, शरणागताचे रक्षण, एवढा अर्थ काढला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु लीळेचा शेवट त्यानंतर आहे. पारधी गेल्यावर स्वामींनी सशाला आदराने संबोधून जाण्यास सांगितले, आणि तो वनात निघून गेला.

या शेवटाकडे दुःखिताच्या दृष्टीने पाहावे. ससा जेथून आला त्याच रानात परत गेला. रान बदलले नाही. कुत्री जगातून नाहीशी झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरे पारधी येणार नाहीत असे आश्वासनही त्याला मिळाले नाही. स्वामींनी त्याला कायमचा मांडीशी बांधून ठेवला नाही. मग त्याला काय मिळाले? धपापणारा ऊर शांत होईपर्यंतची जागा मिळाली. आपल्या भयाची कोणीतरी दखल घेतली हे त्याला कळले. आणि आपणास आश्रय देणारा कोण आहे हे ओळखून तो गेला. परमेश्वराचा आश्रय म्हणजे संकटरहित जीवन अशी जी समजूत वासनिकांत, आणि खरे सांगावयाचे तर काही साधनवंतांतही, रुजलेली दिसते, तिला या लीळेत आधार नाही. कृपा म्हणजे रान नष्ट होणे नव्हे. हा अर्थ पारंपरिक निरूपणाला सोडून नाही. फक्त तेथपर्यंत वाचणे सहसा होत नाही.

सशाला निदान प्रत्यक्ष जानूचा आश्रय लाभला होता. ज्यांना तो लाभून गेला आणि नंतर अंतरला, त्यांचे काय झाले हे पाहिल्यावाचून असन्निधानाचा विचार पुरा होत नाही.

स्वामींनी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे बीजे केले. मागे राहिलेल्यांत नागदेव म्हणजे भटोबास होते, म्हाइंभट होते, महदाइसा होती. वृद्ध स्त्रिया होत्या, विद्वान होते, निरक्षर होते. त्यांनी घरदार सोडले होते, आप्तांचा रोष पत्करला होता, वर्णाश्रमाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकले होते. ज्यांच्यासाठी हे सर्व केले तेच आता दिसत नव्हते. यापेक्षा मोठे संकट भक्ताच्या आयुष्यात कोणते असेल? त्यांनी नवस केला नाही. स्वामी परत यावेत म्हणून कोणते अनुष्ठान आरंभिले नाही. स्वामींची आज्ञा ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची होती. ती शिरोधार्य मानून ते ऋद्धिपुरास गेले आणि सेवेला लागले.

हे ऋद्धिपूर मनीषनगराहून फार दूर नाही. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे क्षेत्र नागपुराहून सकाळी निघाले तर दुपारच्या आत गाठता येते. श्रीप्रभू तेथे बालोन्मत्त लीळा करीत गावभर हिंडत. कोणाच्या घरी जातील, काय मागतील, कशावर रुसतील याचा नेम नसे. ऋद्धिपूरचे लोक त्यांना आई आणि बाप या दोन्ही नात्यांनी हाक मारीत. तहानेने व्याकूळ झालेल्या मातंगांची विनवणी ऐकून त्यांच्यासाठी पाण्याची सोय करणारे श्रीप्रभू ऋद्धिपूरलीळेत दिसतात. विरहाने होरपळलेल्या त्या मंडळींना अशा श्रीप्रभूंच्या मागे धावावे लागे, त्यांचे अन्नपाणी, त्यांचे शयन, त्यांची छंदवृत्ती सांभाळावी लागे. शोकाला हात रिकामे ठेवण्याची सवड मिळाली नाही. सेवेने दुःख नाहीसे झाले असे कोठेही म्हटलेले नाही. सेवा आणि दुःख शेजारी शेजारी राहिले.

महदाइसेचे उदाहरण येथे विशेष आहे. ही भटोबासांची चुलत बहीण. लहानपणीच तिला वैधव्य आले. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असे हे सांगावयास नको. तिचे नाव मात्र पंथात वैधव्यामुळे राहिले नाही; ते राहिले तिच्या प्रश्नांमुळे. सर्वज्ञांना ती सतत विचारीत असे. समजेपर्यंत विचारीत असे. तिच्या जिज्ञासेमुळे कितीतरी वचने प्रकट झाली. पुढे ऋद्धिपुरात श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते. जिला स्वतःच्या संसारात मंगलगीत उरले नव्हते तिने परमेश्वराच्या विवाहाचे मंगलगीत रचावे, यात काही योगायोग असेल तर असो. तिने आपले दुःख कोठे ठेवले हे मात्र त्यातून दिसते.

ऋद्धिपूरच्या त्या वर्षांतील दुसरी गोष्ट वाजेश्वरीची. परंपरेने सांगितलेली हकिगत अशी की भटोबास वाजेश्वरीच्या ठिकाणी एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि काय चालले आहे असे विचारले. लीळा आठवीत आहे, असे उत्तर मिळाल्यावर म्हाइंभटांच्या मनात आले की हे सर्व एकत्र व्हावे, लिहून ठेवावे; नाही तर मागून येणाऱ्यांना काय मिळणार? त्यातून शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. म्हाइंभट हे मूळचे सराळ्याचे विद्वान, वादात जिंकण्याच्या हेतूने सर्वज्ञांपाशी आलेले आणि तेथेच जिंकले गेलेले. तेच आता ज्या कोणी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारू लागले. गाव-गाव फिरून त्यांनी आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून घेतले. सर्वज्ञ कोठे बसले, काय आरोगण केले, कोणाशी काय बोलले, कोणत्या गावाहून कोणत्या गावास गेले, इतके सूक्ष्म.

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून लीळाचरित्राचा गौरव विद्वान करतात. ऋद्धिपुरातच आता मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. या गौरवाचा पंथीयांना आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. पण ग्रंथाचा उगम वाङ्मयाच्या हौसेत नाही हे विसरता कामा नये. एक विरही माणूस एकटा बसला होता, दुसरा विरही माणूस त्याच्यापाशी आला आणि त्याने विचारले. दोघांचे दुःख एकच होते. म्हाइंभटांनी भटोबासांना आवरा असे म्हटले नाही, विसरा असे म्हटले नाही, प्रारब्ध असे म्हणून निरूपणही केले नाही. आठवीत आहात ते सांगा, एवढेच त्यांच्या प्रश्नाचे सार होते. सांत्वनाची पंथीय रीत कोणती असे कोणी विचारल्यास या प्रसंगाकडे बोट दाखवावे.

येथे एक आक्षेप येणे संभवते आणि तो विचारार्ह आहे. भटोबासांचे दुःख परमेश्वराच्या विरहाचे होते. मनीषनगरातील गृहस्थाचे दुःख पुत्राचे, पत्नीचे, पित्याचे आहे. पहिले दुःख साधन आहे, दुसरा मोह आहे. दोहोंची तुलना करणे म्हणजे सुवर्ण आणि पितळ एका तागडीत घालणे होय, असे एखादा आचारनिष्ठ साधनवंत म्हणेल. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. विरहाचा विषय कोणता यावर त्याचे फळ अवलंबून असते, आणि आप्तविरह कितीही तीव्र असला तरी त्याने मोक्ष मिळत नाही. तरीही तुलना येथे फळाची नसून वाटेची आहे. भटोबासांना बळ आले ते विस्मरणाने आले नाही, स्मरणाने आले. वासनिकाला मात्र आपण विस्मरणाचा सल्ला देतो. आता झाले ते झाले, मन दुसरीकडे लावा, असे म्हणतो. मन दुसरीकडे लागत नाही. ते जेथे आहे तेथूनच त्याला वाट काढून द्यावी लागते. ज्याला सन्निधान अंतरणे म्हणजे काय हे आपल्या घरात कळले, त्याला भटोबासांच्या विरहाची लीळा पहिल्याच वेळी खरी ऐकू येते. वर्षानुवर्षे प्रवचनात ऐकलेला शब्द अचानक त्याच्या ओळखीचा होतो. मोहाचे दुःख परमेश्वराकडे वळण्याचा तो क्षण असतो. त्या क्षणी कोणी शेजारी नसेल तर तो निघून जातो.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही बीजे केले. म्हणजे ज्यांच्या आधारावर पहिले असन्निधान सोसले तो आधारही गेला. हा दुसरा आघात पहिल्यापेक्षा अवघड असावा, कारण आता जा असे सांगितलेले दुसरे ठिकाण नव्हते. भटोबास त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे, इ. स. १३०२ पर्यंत, पंथाचे आचार्य म्हणून राहिले. याच काळातील एक प्रसंग नेहमी भाषेच्या अभिमानासाठी सांगितला जातो. केशिराजबास संस्कृतात रचना करीत असता भटोबासांनी त्यांना आवरले. संस्कृत रचनेने आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, असा त्यांचा अभिप्राय होता. पंडितांनी संस्कृत ढंगाने प्रश्न केला असता, स्वामींनी मला मराठीतच निरूपण केले, तुम्हीही त्याच भाषेत विचारा, असे त्यांनी सांगितल्याचे स्मृतिस्थळात आहे.

या प्रसंगाचा अर्थ भाषेपुरता नाही. समोरच्याला जे समजेल त्यातच धर्म सांगावयाचा, हा त्यामागील दंडक आहे. विद्वानांच्या सोयीसाठी म्हातारीला उपाशी ठेवावयाचे नाही. मग जो शोकाने बधिर झाला आहे त्याच्यासमोर अविद्या, कर्म, प्रपंचाची अनित्यता यांची परिभाषा मांडणे म्हणजे त्याच्यापुरते संस्कृत बोलणेच नव्हे काय? शब्द मराठी असतील, पण त्या घडीला ती त्याची परभाषा आहे. त्याची मराठी म्हणजे लीळा. सर्वज्ञ अमक्या गावी आले, अमक्याशी बोलले, त्याला प्रसाद दिला: इतके त्याला कळते, आणि बहुधा तेवढेच कळते.

लीळाचरित्राच्या पोथीवरही संकट आले, हे ऐकणाऱ्यास आश्चर्य वाटते. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. पुढच्या दशकांत यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली असे परंपरा सांगते. इतक्या पायपिटीने जमविलेले सर्व गेले. मग ज्यांनी ते पाठ केले होते त्यांच्या मुखातून ते पुन्हा लिहिले गेले. हिराइसेचा पाठ त्यांत मोठा आधार ठरला. वेगवेगळ्या जणांच्या आठवणींत जेथे फरक पडला तेथे तो फरक पुसून टाकला नाही, पाठभेद म्हणून नोंदविला. एका स्त्रीच्या कंठात ग्रंथ जिवंत होता. तिने तो संकटाची तयारी म्हणून पाठ केला नव्हता. नित्य स्मरण करता करता तो तिच्या ठायी राहिला होता. पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या गेल्या आणि शतकानुशतके मठांतून जपल्या गेल्या. लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून छापून प्रसिद्ध झाले ते नागपुरातूनच, ह. ना. नेने यांच्या संपादनाने. मनीषनगरातील वासनिकाच्या कपाटात जी छापील प्रत असते ती एवढी मोडतोड सोसून आली आहे. तिला गंधाक्षता वाहून मिटून ठेवण्यापेक्षा तिची पाने हाताने मळली तर बरे.

संकट आल्यावर स्मरण सुरू करू म्हटल्यास ते साधत नाही, हे हिराइसेच्या उदाहरणावरून सांगता येते. पण त्याचा अर्थ असा नव्हे की ज्याने आधी केले नाही त्याला आता दार बंद. म्हाइंभट हे उशिराच आले होते. आलेल्या दिवसापासून त्यांनी विचारणे सुरू केले.

तेव्हा मनीषनगरासारख्या ठिकाणी व्यवहारात काय घडावे? अमुक घरी दुःख झाले असे कळल्यावर जवळच्या आश्रमातील साधनवंताने बोलावण्याची वाट पाहू नये. पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहावे लागले तरी लिहावे. भिक्षेला जाणाऱ्याला मान-अपमानाचा विचार नसतो, मग येथेच का असावा? घरात गेल्यावर पहिल्या दिवशी निरूपण करू नये. पाणी मागून प्यावे, बसावे. जो गेला त्याच्याविषयी विचारावे. तो नामधारक होता काय, कोणते स्थान त्याने वंदिले होते, ऋद्धिपुरास तो कोणाबरोबर गेला होता, देव्हाऱ्यातील विशेष त्याला कोणी दिला. घरची माणसे बोलू लागतात. प्रथम त्यांच्या आठवणी प्रपंचाच्याच असतात. त्याला भोजनात काय आवडे, तो कसा रागावे. ते ऐकून घ्यावे. मधूनच ऋद्धिपूरचे, जाळीच्या देवाचे, पैठणचे नाव निघते. तेथून लीळेचा धागा आपोआप हाती येतो. वडील दरवर्षी भाद्रपद शुद्ध द्वितीयेला स्वामींचा अवतारदिन करीत, असे कोणी म्हणतो, आणि घरातल्या मुलाला ती तिथी बहुधा त्याच दिवशी प्रथम ठाऊक होते.

वासनिकांनीही एकमेकांसाठी हे करता येते. इमारतीत दोन घरे पंथीय असली तरी पुरेत. सायंकाळी एका घरचा वाचणारा दुसऱ्या घरी जावा. सर्व पोथी वाचण्याचा हव्यास नको. एक लीळा, फार तर दोन. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्याच हाती पोथी द्यावी, म्हणजे त्याला केवळ ऐकत बसण्याची कसरत करावी लागत नाही. मध्येच त्याचा कंठ दाटला तर दुसऱ्याने पुढची ओळ उचलावी. यासाठी मंडळ, वर्गणी, पत्रिका यांची गरज नाही. अशा गोष्टींना संस्थेचे रूप आले की दुःखी माणूस मागे पडतो आणि अध्यक्ष पुढे येतो, असा अनुभव सर्वत्र आहे.

नवस बोललेल्या, ताईत बांधलेल्या माणसाची गोष्ट मागे राहिली. तो आश्रमात परत आला तर त्याच्या मनगटाकडे पाहू नये. त्याने विचारलेच, माझ्याकडून चुकले काय, तर होय म्हणावे. शास्त्रात जे निषिद्ध आहे ते त्याच्या दुःखामुळे विहित होत नाही, आणि त्याच्याशी खोटे बोलून त्याला धीर देता येत नाही. पण तो उत्तर ऐकून उठून जाणार नाही इतका वेळ त्याच्यापाशी आधी बसलेले असावे. ताईत केव्हा सोडावयाचा हे त्याला पुढे पुष्कळदा सांगावेच लागत नाही.

आरंभी कोणत्या लीळा घ्याव्यात याबद्दल मतभेद होऊ शकतो. उत्तरार्धातील उत्तरापंथगमनाचा भाग प्रथम वाचावा असे काहींना वाटते, कारण त्यात विरह आहे. ताज्या दुःखात तो भाग पेलत नाही. पहिल्या आठवड्यात शशकरक्षणाची लीळा आणि ऋद्धिपूरलीळेतील श्रीप्रभूंचे खेळ घ्यावेत. श्रीप्रभूंच्या छंदांवर रडणाऱ्या घरातही कोणाला तरी हसू येते, आणि त्या हसण्याची कोणी लाज धरू नये. महिन्या-दीड महिन्याने भटोबासांचा विरह आणि वाजेश्वरीची हकिगत. सूत्रपाठातील विचारप्रकरण त्याच्यापुढे आपण होऊन ठेवू नये. कर्म कसे, भोग कसा, परमेश्वर कृपावंत असता हे कसे, असे त्या घरातील माणूस एखाद्या संध्याकाळी आपणच विचारील. महदाइसेने विचारले तसे, समजेपर्यंत विचारील. त्या संध्याकाळी घाईने उठून जाऊ नये. शेवटची मेट्रो चुकली तरी चालेल.